लालासाहेबांचे फोटो

"वैनी, आज तरी ऱ्हाऊ द्या," लालासाहेब बांधावरून म्हणाले.

बनुबाईंनी ऐकलं नाही. रोजच्यासारखं विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडावर उभ्या राहून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. लालासाहेबांनी खोरं टेकवलं, मिशीवर हात फिरवला आणि हसले. नको नको म्हणायचे, पण फोटोत नीट यायचे.

मधे बांध, विहिरीकडचं रान वैनींचं, पलीकडचं त्यांचं. बांध साफ ठेवायची त्यांना भारी हौस. हराळी माजू द्यायची नाही, कड जरा तासून घ्यायची. दमले की बाभळीखाली भाकरी सोडायची.

कॅमेरा नवऱ्याचा, फौजेतल्या हंबीररावांचा, शेवटच्या रजेत आणलेला. एकाहत्तरच्या लढाईत हंबीरराव बेपत्ता झाले आणि त्यांच्या मागे बनुबाईंनी हे रोजचं फोटोचं सुरू केलं. साताऱ्याला माहेरी गेल्या तरी चुकायचं नाही; त्या दिवशी एसटी स्टँडचा नाहीतर अजिंक्यताऱ्याचा. एरवी हाच बांध. बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. एकीनं विचारलंच, तर बनुबाई म्हणाल्या, "ते आलं की बघतील, मागं काय काय झालं."

दोन वर्षांनी भावकी जमली. आता कुंकू पुसा, रान दिराच्या, लालासाहेबांच्या हवाली करा, असं सगळ्यांनी समजावलं. बनुबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.

"सरकार हरवला म्हनतंय. मेला म्हनत न्हाई. तवर कुंकूबी माझं आन रानबी माझं."

लालासाहेबांनी त्यावर वाद घातला नाही. ते धीराचे होते. उलट कारखान्याच्या कामाला सांगलीला जाताना वैनींचा रोल तेच न्यायचे, विश्रामबागेतल्या स्टुडिओत धुवायला टाकायचे, झालेले फोटो कोटाच्या खिशातून आणायचे. येताना एसटीत पाकीट उघडून बघायचे. पटका छान दिसायचा. वैनी मागच्या बाजूला तारीख घालून फोटो पिशवीत ठेवायच्या. लालासाहेब गावात मात्र मान हलवून सांगायचे, डोक्यावर परिणाम झालाय, काय करणार.

आणखी एक पावसाळा गेला आणि गावालाही ते पटलं.

मग त्यांनी पंच बोलावले. वैनींना रान सांभाळायची शुद्ध नाही असं पंचांनी लिहून दिलं, की तलाठ्याकडे पुढचं काम सोपं होतं. पुरावा म्हणून फोटोंची पिशवी मागितली, तर वैनींनी खुंटीवरची काढून लगेच हातात दिली. इतकं सहज होईल असं लालासाहेबांना वाटलं नव्हतं.

चावडीत घोंगडीवर त्यांनी पिशवी उपडी केली. फोटोंचा ढीग पडला.

"बघा गड्यांनो. शानं मानूस रोज त्योच बांध काढंल का?"

पंच हसले. एकजण म्हणाला, लाला, ह्यात वैनींपेक्षा तूच लय दिसतोस, लग्नाला उभा राहिल्यासारखा. लालासाहेबही हसले. म्हणाले, आजारी माणसाचं मन मोडवत नाही, म्हणून उभा राहत होतो. एकही दिवस चुकवला नाही.

"म्हंजे रोज बांधावरच हुबं व्हता?" आप्पासोंनी विचारलं. पंचांत वडीलधारे तेच.

"अगदी मधोमध. बापजाद्यांच्या बांधावर. विचारा वैनींना."

"व्हय," दाराशी बसलेल्या बनुबाई म्हणाल्या. कपाळावरचं कुंकू आज नेहमीपेक्षा मोठं होतं. "एक पाऊलबी मागं-फुडं न्हाई. बांधावरच. मीबी थारोळ्यावरनं हलले न्हाई."

"झालं तर मग," लालासाहेब म्हणाले. "आता तुमीच ठरवा."

"आवं आप्पा," बनुबाई म्हणाल्या, "तारखा मागं लिवल्यात. ओळीनं लावून बघा की."

आप्पासोंनी चष्मा पुसला. साताऱ्याचे फोटो बाजूला काढले आणि बाकीचे तारखेप्रमाणे घोंगडीवर मांडत गेले. कुणी घाई केली नाही. लालासाहेबांनी पान लावायला घेतलं.

शेवटचा फोटो ठेवून आप्पासो पुन्हा पहिल्यापाशी आले. तिथंच थांबले. हसणारे पंच एकेक करून वाकले.

पहिल्या फोटोत बाभळ पुढे होती आणि तिच्या मागे, बांधावर, लालासाहेब हसत उभे होते. शेवटच्या फोटोतही ते बांधावरच हसत उभे होते. बाभळ त्यांच्या मागे होती.