काठोकाठ वाटी

म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून शेजारची सायकाल रोज सकाळी यायची. त्याला कुशीवर वळवायची, पुसून काढायची, घाण झालेली चादर धुवायला न्यायची. म्हाताऱ्याच्या बायकोला, बुरुलचाला, तिचा काडीचा भरवसा नव्हता. ख्रिस्ती झालेली विधवा उगाच कुणाची घाण काढेल? बुरुलचा दारातच ठाण मांडून बसायची आणि काम झालं की सायकालला काठोकाठ भरून चहा द्यायची. बसवून घ्यायच्या पाहुण्याला गावात अर्धी वाटी देतात. भरलेली वाटी म्हणजे पी आणि चालती हो. सायकाल ती मुकाट पिऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"तुझं ते धर्माचं पुस्तक कधी काढणार गं बाहेर?" बुरुलचा टोमणा मारायची.

"आधी यांची नखं तर कापू दे, आपा."

आज पाय धुताना म्हातारा एकाएकी हुंदके देऊ लागला. बुरुलचा ताडकन उठली. "काय पुटपुटलीस त्याच्या कानात?"

"मी नाही, आपा. त्यांनीच विचारलं, माझ्या नवऱ्याला शेवटी कुठं पुरलं म्हणून."

ख्रिस्त्याला आमच्या मातीत जागा नाही म्हणत, कब्रस्तानाच्या फाटकात काठी आडवी धरून सायकालच्या नवऱ्याची मयत याच म्हाताऱ्यानं परत पाठवली होती.

"मग? काय सांगितलंस?"

"आमच्याच परसात, सफरचंदाखाली. म्हटलं, जवळच आहेत, काळजी करू नका."

बुरुलचानं किटली उचलली. सायकाल वाटीकडे बघतच राहिली.

"बघतेस काय?" बुरुलचा खेकसली. "अर्धीच आहे. बस."