नावाड्याची वाक्यं

“तीनच वाक्यं आहेत,” भंगारवाला फोनच्या स्पीकरवरून म्हणाला. “‘पलीकडे जायचंय?’, ‘दोन नाणी पडतील’ आणि ‘नीट बसा’. नावाड्याच्या पोटात चौथं वाक्य नाहीच.”

“असं कसं? माझ्याशी तर तो रोज गप्पा मारायचा!”

भंगारवाला हे त्याला मित्रांनी ठेवलेलं नाव. कंपनीने सर्व्हर बंद केला की ऑनलाइन खेळ मरतो. घर जागेवर असतं, पण दार उघडायला आत कुणी नसतं. हा पठ्ठ्या असले मेलेले खेळ गोळा करून आपल्या कॉम्प्युटरवर पुन्हा चालू करायचा. कमाई शून्य, डोकेदुखी भरपूर. नदीकाठच्या गावाचा हा खेळही त्याने असाच उभा केला होता. काही राहून गेलं नाही ना, एवढंच जुन्या खेळाडूंनी पाहून सांगायचं होतं. तर फोनवरच्या या नर्सबाई नावाड्यावरून अडून बसल्या होत्या.

ती आठवीत असताना आई गेली. वर्ष सरायच्या आत बाबांनी दुसरं लग्न केलं. घरात आलेल्या बाईला ती मावशी म्हणू लागली, आणि त्यापलीकडे काही बोलायचं नाही असं तिने ठरवून टाकलं. मावशीनेही उगाच माया उतू जाऊ दिली नाही. ती पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर टायपिंगचा क्लास घ्यायची आणि ही मागच्या खोलीत दार लावून खेळात बसायची. बाबा गेले तरी दोघी त्याच घरात राहिल्या, शेजारच्या भाडेकरूंसारख्या, सभ्यपणे.

मावशी घरात आली त्या वर्षी तिची विचारपूस करणारा एकच होता, होडीजवळचा नावाडी. झोप लागली का विचारायचा. गणितात नापास झाली तेव्हा म्हणाला होता, ‘मीही झालो होतो, बुडालो नाही.’ कंपनीने मोठा हुशार नावाडी बनवलाय असं तिला वाटायचं. मोठी झाल्यावरही तिने ते तपासून पाहिलं नाही. लहानपणी धरून ठेवलेल्या गोष्टी माणूस सहसा तपासत नाही.

“ताई, रागावू नका,” भंगारवाला म्हणाला, “पण त्या खेळात कपडे बदलता यायचे. कुणीही खेळाडू नावाड्याचा वेश करून तिथे बसू शकत होता. तुमच्याशी माणूस बोलत होतं.”

तिला तिथेच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडू आलं. यंत्र असतं तर दुरुस्त झालं असतं. नाव-गाव ठाऊक नसलेलं माणूस कुठून आणायचं?

“शोधता येईल का हो?”

“नाही. ती माहिती कंपनीबरोबरच गेली. रविवारी खेळ उघडतोय, जुनी मंडळी येतील. तुम्हीही या.”

तिने फोन ठेवला आणि डोळे पुसले. मावशी शेजारीच भांडी पुसत होती. काय झालं, असं तिने विचारलं नाही. तिची ती सवयच होती.

रविवारी दुपारी ती आपल्या खोलीत बसून खेळात शिरली. बाजारात जुने लोक एकमेकांना ओळखून नुसता कल्ला करत होते. ती सरळ नदीवर गेली. नावाडी होता. ‘पलीकडे जायचंय?’ तो म्हणाला.

‘मला ओळखलंस?’ तिने लिहिलं.

‘दोन नाणी पडतील.’

भंगारवाल्याचं खरं होतं तर. इतकी वर्षं जपलेलं काहीतरी हातातून गेलं असं तिला वाटलं. मन घट्ट करून ती खेळ बंद करणार, एवढ्यात होडीमागून दुसरा नावाडी आला. तोच फेटा, तसंच वल्हं. तो तिच्यासमोर येऊन थांबला. मग एकेक अक्षर उमटू लागलं.

‘आज रात्रपाळी आहे ना तुझी? डबा भरून ओट्यावर ठेवलाय.’