हिरवा ठिपका

स्क्रीनवर हिरवा ठिपका. फोनमध्ये घरघर. खांबाला टेकवलेली शिडी.

हिरवा म्हणजे लाइन बंद, लाल म्हणजे चालू. नियंत्रण कक्षातून शर्वरीने लाइन नुकतीच बंद केली होती. तिने परमिट दिलं, की लाइनमन तुळशीराम शिडी चढून तारेला हात घालणार होता.

"मॅडम, परमिट देताय की मुहूर्त काढताय?" एका फोनवर तुळशीराम हसला.

दुसऱ्या फोनवर उपकेंद्रातले रफिकभाई होते. परमिटआधी त्यांना विचारायची पद्धतच होती. "बंद कुठली? याच लाइनवरची गिरणी समोर धडधडतेय."

"माझ्या स्क्रीनवर बंद आहे."

"मग दळण तिकडेच पाठवतो."

शर्वरीला काही कळेना. हा ठिपका कधी खोटं बोलला नव्हता; रफिकभाईही नव्हते. मग स्क्रीनमागे बसून तिला हे दाखवत कोण होतं?

"तुळशीराम, चढू नका! रफिकभाई, लाइन तिथूनच हाताने बंद करा."

फोनमधली गिरणीची घरघर थांबली. लाइन खरोखर बंद झाली, आणि स्क्रीनवरचा ठिपका उलट लाल झाला.

आदल्या सोमवारी, दुरुस्तीला आलेल्या अनोळखी माणसाला संगणकात पेनड्राइव्ह लावायची परवानगी शर्वरीनेच दिली होती.