जुना सर्व्हर

ऑफिसातल्या सगळ्यांची नावं, पासवर्ड, ओळख ठेवणारा जुना सर्व्हर बाबांनी वर्षानुवर्षं सांभाळला होता. ते गेले आणि त्यांच्या जागी लेक आली. आज सकाळी तिनं तो बंद केला, वायरी काढल्या आणि पुसून टेबलावर ठेवला.

दुपारी सहकाऱ्यानं नवा कॉम्प्युटर लावला. चालू होताच त्यानं नेटवर्कवर विचारलं, इथं माणसांची ओळख कोण ठेवतं?

"ताई, जुना सर्व्हरच उत्तर देतोय."

"काहीतरीच काय! तो हा इथं, माझ्यासमोर आहे."

"पण तो तोच असल्याचं त्याचं डिजिटल प्रमाणपत्रही खरं आहे. आजच्याच तारखेचं."

ती उठून नव्या कॉम्प्युटरजवळ आली. पडद्यावर कुलपाची खूण होती आणि खाली प्रश्न, आपण कोण?

तिनं ऑफिसातलं नाव टाइप केलं. काहीच झालं नाही. मग तिनं हळूच लिहिलं, ठकू. ती रुसली की बाबा घरी या नावानं हाक मारायचे. ऑफिसात ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

सुरक्षित जोडणी झाली.

"तोडू का, ताई?"

"थांब रे जरा."

पलीकडून एकेक अक्षर येऊ लागलं, सावकाश, एका बोटानं टाइप केल्यासारखं. बाबांना दोन्ही हातांनी टाइप करणं उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.