खुणेपर्यंत पाणी

नागराज मेकॅनिकने गाडीतून काढलेला जुना वॉटर पंप रणजीतच्या हातावर ठेवला. सील पार गेलेलं. पुली बोटाने हलवली तरी डुगडुगत होती.

"अण्णा, हा आठ महिने तरी गळतोय," नागराज म्हणाला. "दिवसभरात रेडिएटरच्या पाण्याची बाटली रिकामी होत असणार. इंजिन जळलं कसं नाही?"

"रोज सकाळी भरलेली असते. बरोबर खुणेपर्यंत."

कोण भरतं, हे सांगायला रणजीतची जीभ रेटेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई तीन जिने उतरते, आणि हा पोरगा गप्प बघत बसतो, असं सांगायचं? सकाळी सहाला गाडीचं पाणी बघायचं हा वडिलांचा, आप्पाजींचा नेम. ते गेले आणि आईने, सगुणाबाईंनी, अन्नच टाकलं. महिनाभर नुसती पेज, तीही दोन घोट. मग एका सकाळी रणजीतने बॉनेट उघडलं तर आदल्या रात्री तळाला गेलेलं पाणी वर आलेलं. आणि घरात आई चक्क दुसरा दोसा मागत होती! त्या दिवसापासून बाई माणसात आली. मग कोण कशाला विषय काढतोय?

पण मल्लेश्वरममधल्या त्या जुन्या इमारतीच्या जिन्याला धड कठडाही नव्हता. आई कधीतरी पडणार, या धास्तीने रणजीतच्या जिवाला घोर लागला होता. म्हणून हा नवा पंप. गळतीच थांबली की उतरणंही थांबेल.

नागराजने जुनं गॅस्केट खरवडलं, नवा पंप आवळला, पट्टा चढवला. रेडिएटर भरून इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण लावला. अडकलेली हवा बुडबुड करत बाहेर आली. ती थांबल्यावर त्याने थोडं पाणी आणखी ओतलं.

"आत गंज नाही हं, अण्णा. कूलंट अगदी मापात मिसळलंय. नुसतं नळाचं पाणी घातलं असतं तर वाट लागली असती. आप्पाजी असंच करायचे."

"त्यांनीच शिकवलं असणार," रणजीत म्हणाला. आईचं त्याला भारी कौतुक वाटलं.

घरी आई जेवत होती. तो तिच्याजवळ बसला.

"आई, नवा पंप घातला. आता थेंबभरही गळत नाही. उद्यापासून सकाळी खाली उतरायचं नाही, सरी? कळलं ना?"

सगुणाबाईंचा हात ताटातच थांबला.

"मी कुठे उतरते रे? मी खिडकीतून नुसती बघते." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "गळतच नाही म्हणतोस... मग उद्यापासून ते कशाला येतील?"