साठावं मिनिट

त्रेपन्नावं मिनिट चालू होतं आणि भुरभुर पावसाने टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेषा चमकायला लागल्या होत्या. मुख्य पंच पायऱ्या चढून खेळाडूंच्या प्रतिनिधीजवळ आला. थांबवू का, एवढंच त्याने विचारलं. अशा वेळी आयोजन समितीचा खजिनदार आणि खेळाडूंचा प्रतिनिधी, दोघांना विचारल्याशिवाय खेळ थांबवायचा नाही, अशी इथली पद्धत होती. खजिनदाराने, तुम्ही ठरवाल तसं, म्हणून आधीच हात झटकले होते. त्याचं काय जात होतं? समितीने पावसाचा विमा उतरवला होता.

प्रतिनिधीला सगळ्या खेळाडू काका म्हणत. एके काळी काकाही पहिल्याच फेरीत हरून, उसन्या पैशांनी घर गाठणाऱ्यांपैकी होते. एवढी मोठी स्पर्धा, टीव्हीचे पैसे, जाहिरातींचे पैसे, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्या चौसष्ट जणींच्या तोंडाला पानं पुसायची, हे त्यांना सहन होईना. तीन वर्षं त्यांनी समितीचे उंबरठे झिजवले. शेवटी खजिनदार कसाबसा कबूल झाला. टीव्हीच्या पैशाला हात लावायचा नाही. पण पहिल्या फेरीच्या शेवटच्या दिवशी मुख्य कोर्टावर जो गल्ला जमेल, त्यातला निम्मा या चौसष्ट जणींचा. काकांनी आनंदाने सही केली. तिकिटं किती खपतील, हे त्यांनी चारचारदा ताडून पाहिलं होतं. आभाळ तेवढं हिशेबात धरायचं राहून गेलं. आज तोच दिवस होता, आणि पाऊस उघडण्याचं लक्षण नव्हतं. दिवसभरात साठ मिनिटं खेळ झाला नाही तर प्रेक्षकांना सगळे पैसे परत, असं तिकिटाच्या मागेच बारीक अक्षरांत छापलेलं होतं. आणि गल्ला परत गेला की वाटाही गेला.

"होऊ दे अजून थोडं," काका म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना आवडला नाही.

खाली डावखुरी खेळत होती. तिशी उलटलेली, क्रमवारीत दोनशेच्या पलीकडची. स्वतःच्या रॅकेटची तार स्वतः ओढणारी. स्टेशनजवळच्या लॉजमधली एक खोली ती धरून तिघी मिळून वापरत होत्या. त्यातल्या दोघी परवाच हरल्या होत्या आणि वाट्याचे पैसे मिळाले की निघू, म्हणून बॅगा भरून बसल्या होत्या. पैसे मिळाले नाहीत तर पुढच्या स्पर्धेला जायचं कसं, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

सत्तावन्नावं मिनिट लागलं आणि डावखुरी कोपऱ्यातल्या चेंडूसाठी धावली. ओल्या रेषेवर पाय सटकला. ती पडली, रॅकेट लांब घसरत गेली. या वयात काका दोनदोन पायऱ्या उतरत खाली धावले.

डॉक्टर आधीच पोहोचले होते. त्यांनी घोट्याला हात लावला आणि लगेच स्ट्रेचरसाठी खूण केली. कोर्टावर उपचार चालू असले तर घड्याळ चालू राहतं, खेळाडूला उचलून नेलं की थांबतं. हा नियम काकांना पाठ होता. या घटकेला मात्र त्यांना तो आठवायचाही नव्हता. माझं चुकलं पोरी, असं काहीतरी ते पुटपुटत होते. डावखुरीचं तिकडे लक्षच नव्हतं.

"काका, किती झाली?"

त्यांनी खोटं सांगायला हवं होतं. त्यांच्या तोंडून खरंच निघालं. "सत्तावन्न."

"मग मुरगळलाय नुसता," ती डॉक्टरांना म्हणाली. "पट्टी बांधा. मी खेळणार आहे."

एक्स-रे काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर ती चक्क हसली. खेळाडू नको म्हणत असताना, तिच्या प्रतिनिधीने सांगितल्याशिवाय, तिला जबरदस्तीने उचलता येत नाही. डॉक्टरांनी नाइलाजाने बॅगेतून पट्टी काढली.

काकांनी घोट्याकडे पाहिलं. पाऊल जिकडे वळायला नको तिकडे वळलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ घोटे पाहिले होते, त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी एक शब्द काढला असता तर डॉक्टरांनी तिला त्याच क्षणी उचललं असतं. काकांनी तो शब्द काढला नाही. त्यांना स्वतःची शिसारी आली, तरी काढला नाही. त्यांनी तिच्यावर छत्री धरली, आणि तिने त्यांची बाही.

डॉक्टर एकेक वेढा घट्ट ओढत होते. डावखुरी फलकावरच्या घड्याळाकडे बघत होती. तिने धीर सोडू नये म्हणून प्रेक्षक एका तालात टाळ्या वाजवायला लागले. अठ्ठावन्न झाली. एकोणसाठ झाली. पट्टी संपत आली, तशी ती डॉक्टरांना म्हणाली की अजून एक वेढा घ्या, सैल वाटतेय.

फलकावर साठ लागले. डावखुरीने काकांची बाही सोडली, डोळे मिटले आणि मग ती किंचाळली.