बरी झाल्याचा कागद

"नाव आहे यादीत. उपचार चालू," किसनराव संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

धुरपता पुढे झाली. "नाई साहेब. मागच्या साली डॉक्टरनं दवा बंद केली. तुमीच तं लिवून घेतलं."

किसनरावाने पुन्हा पाहिले. कुष्ठरोग दवाखान्यातल्या सगळ्या नोंदी त्याच्याच हातच्या. हिरवी अक्षरे तेच सांगत होती. धुरपताचा मुलगा जयवंता दाराशी उभा होता. बरी झाल्याचा कागद आणला तरच सासूला घरात ठेवीन, असे त्याच्या बायकोने बजावले होते. जयवंता बाहेर पडला. धुरपता मागोमाग गेली, चार पावले अंतर ठेवून.

ते १९८८ साल. दवाखान्यात संगणक एकच, पण त्यात नोंदींच्या प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या होत्या. वर्षापूर्वी नवी आली. पण मागच्या वर्षांचे अहवाल जुनीतच छापले जात, म्हणून तीही राहिली, तिच्यातल्या शिळ्या नोंदींसकट. दोन्हींचा पडदा सारखा. कोपऱ्यातला आकडा तेवढा वेगळा.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामात धुरपताचे नाव समोर आले. पुढे लिहिले होते, 'रोगमुक्त'. तारीख त्यानेच घातलेली. किसनरावाने कोपऱ्यातला आकडा पाहिला. ही नवी आवृत्ती होती. धुरपता आली त्या सकाळी त्याने जुने अहवाल छापले होते, आणि ती आली तेव्हा जुनीच आवृत्ती उघडी राहिली होती.

बरी झाल्याच्या कागदावर डॉक्टरांची सही घेऊन त्याने स्वतःच तिच्या गावची, तळेगावची एस.टी. धरली. मे महिना होता. धुरपता घरी नव्हती. "नाल्याकडं पाहा," सुनेने दारातूनच सांगितले. दीड मैल उन्हात चालल्यावर कपाशीच्या पऱ्हाट्यांची एक झोपडी दिसली; दारात धुरपता एकटीच बसली होती.

"काय लिवलं हाये याच्यात?" कागद हातात घेऊन धुरपताने विचारले.

"तुमी बऱ्या झाल्या बाई. मागच्याच सालापासून. चूक माझी झाली."

"मंग माह्या हातचं कोनी खाल्लं, तं चालते?"

"चालते. काई होत नाई."

तिने कागद कपाळाला लावला. मग लगबगीने आत गेली, राखेने गडवा घासला, दोनदा विसळला आणि पाण्याने भरून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"घ्या साहेब. उनातून आले."

किसनरावाची जीभ टाळूला चिकटली होती. तो एक पाऊल मागे सरला.

"राहू द्या बाई," तो म्हणाला. "मले तहान नाई."